उठबस : म्हातारपणाच्या व्यायामाचा अपुरा इतिहास

गेल्या पौषात माझी माय न्हाणीत घसरून पडली. मुक्ताईनगरच्या आमच्या जुन्या घरात न्हाणी मागच्या अंगाला आहे, दोन पायऱ्या उतरून. मायचं वय तेव्हा ८३. मोठं हाड मोडलं नाही, उजव्या मनगटाला चीर गेली. शहरातल्या ज्या दवाखान्यात तिला नेलं तिथं प्लास्टर घातलं आणि निघताना सांगितलं, "आता यांना पूर्ण विश्रांती द्या." किती दिवस, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आम्ही ती सूचना फार मनापासून पाळली. खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. कमोडची खुर्ची खाटेला लावून ठेवली. तांब्या, औषधं, जपमाळ, सगळं हाताशी. ती जरा हलली की कुणीतरी धावायचं. पहिले काही दिवस ती म्हणायची, "मले उठू दे रे, धरू नको." नंतर म्हणेनाशी झाली. दीड महिन्यानं प्लास्टर काढलं तेव्हा मनगट जुळून आलं होतं, पण तिला उभं करायला गेलो तर पाय लटपटत होते. पडण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत ही बाई अंगणातल्या तुळशीला पाणी घालत होती. मनगटाच्या दुखण्यानं पाय कसे गेले?

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर खानदेशातल्या जुन्या शिक्षणसंस्थांची कागदपत्रं चाळत असतो. त्यामुळे मला प्रश्न पडला तोही इतिहासाचाच : म्हाताऱ्या माणसाला निजवून ठेवणं म्हणजे त्याची सेवा, ही समजूत आपल्यात आली कुठून? आणि ज्या महाराष्ट्रानं व्यायामावर दहा खंडांचा कोश काढला, त्या महाराष्ट्रात ८३ वर्षांच्या बाईनं कोणता व्यायाम करावा हे मला का माहीत नव्हतं?

शोध घेताना पहिला धक्का वाग्भटानं दिला. 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानातला दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. त्यात व्यायामाचे गुण सांगून झाल्यावर तो कुणी करू नये याची यादी येते. वातपित्ताचे रोगी, लहान मूल, अजीर्ण झालेला, आणि वृद्ध. म्हणजे मनाई अगदी ग्रंथोक्त आहे. सुश्रुताचा सूर वेगळा. जो व्यायाम करतो त्याच्यावर म्हातारपण एकाएकी चाल करून येत नाही, असं तो चिकित्सास्थानात सांगतो. पण तेही व्यायाम आधीपासून करणाऱ्याबद्दल आहे. म्हातारपण येऊन बसल्यावर काय करायचं, याचं उत्तर तिथं नाही.

वाग्भटावर रागावण्यात अर्थ नाही. शरीराला आयास पडेल असं कर्म, अशी त्याची व्यायामाची व्याख्या आहे, आणि बलवानानंसुद्धा तो अर्ध्या शक्तीनंच करावा असं तो बजावतो. त्याच्या डोळ्यांसमोर कुस्ती आणि जोर-बैठका असणार. आपण मात्र मनाई तेवढी लक्षात ठेवली, अर्ध्या शक्तीचं विसरलो.

नंतरची आपली व्यायामाची परंपराही तरुणांचीच. समर्थांचे मारुती, गावोगावच्या तालमी, शरीर कमावण्यासाठी कॉलेजातलं वर्ष खर्ची घालणारे टिळक, १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. एवढ्या खटाटोपामागं एक ठसठशीत हेतू होता. गुलाम देशाला बलदंड तरुण हवे होते. म्हातारी माणसं त्या हिशेबात बसत नव्हती, आणि फार जणांना म्हातारपण लाभतही नव्हतं.

एक अपवाद चटकन आठवतो तो औंधच्या राजांचा. भवानराव पंतप्रतिनिधींचा जन्म १८६८चा. आधी दहा वर्षं त्यांनी सँडोची साधनं वापरून पाहिली, मग सूर्यनमस्कार धरले ते कायमचे. १९३६ साली लंडनमध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांना गाठलं तेव्हा ते अडुसष्टीला टेकले होते आणि त्यांची तब्येत पाहून इंग्रज थक्क होत होते. त्यातून १९३८ साली नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. पण हा चाळिशीपासून रोज घाम गाळलेला म्हातारा. नमस्काराला जमिनीवर जावं लागतं आणि तिथून उठावं लागतं. जिला खाटेवरून उठता येत नाही तिला औंधच्या राजाचा उपयोग नाही.

मला हवा होता तो धागा आमच्याच जिल्ह्यात सापडला, अमळनेरला. मुक्ताईनगर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, अमळनेर पश्चिमेला. जगन्नाथ गणेश गुणे नावाचा, बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेला आणि संस्कृतात गती असलेला तरुण अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला आला. साने गुरुजी पुढं ज्या संस्थेच्या शाळेत शिक्षक झाले तीच ही संस्था. १९१६ साली गुणे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते महाविद्यालय १९२०च्या सुमारास बंद पडलं. दरम्यान नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे जाऊन ते योग शिकले. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसन करताना शरीरात प्रत्यक्ष काय होतं हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहण्याचा त्यांचा हट्ट होता. अमुक ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं, एवढ्यावर ते थांबत नव्हते. वाग्भटापाशी अडकलेल्या मला हे फार बरं वाटलं.

त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग आमच्या घराशी थेट येऊन भिडला. १९२७च्या मार्चमध्ये दौऱ्यावर असताना गांधीजींची प्रकृती कोसळली. वय ५७, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी कामं थांबवली आणि ते विश्रांतीसाठी म्हैसूर संस्थानातल्या नंदी डोंगरावर गेले. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता. काय करावं, कसं करावं, केल्यावर काय जाणवतं, याची टपालानं देवाणघेवाण. शिकवणारा लोणावळ्यात, अशक्त रोगी शेकडो मैल दूर. आखाडा नाही, वर्ग नाही. सल्ला पत्रातून येतो आणि माणूस आपल्या खोलीत आपल्या ताकदीप्रमाणे करून पाहतो. गांधीजी काही वृद्ध म्हणावेत असे नव्हते, पण अशक्त माणसानं घरच्या घरी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मोजून व्यायाम करायचा ही आजची पद्धत मला त्या पत्रांत बीजरूपानं दिसते. १९६३ साली कुवलयानंद आणि डॉ. विनेकर यांचं योगोपचारावरचं इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारनं काढलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, भिंत, दोर, पट्टे यांचा आधार देऊन आसनं रोग्यांच्या आवाक्यात आणली, हा याच वाटेचा पुढचा टप्पा.

खाटेच्या गौरवाचा दोष मात्र एकट्या आपल्या माथी मारता येत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या वैद्यकात विश्रांती हे औषधच होतं. लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांनी विश्रांतीच्या महतीवर १८६३ साली पुस्तक लिहिलं. अमेरिकेत वेअर मिचेल रोग्यांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत. पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर ही शिकवण आपल्याकडे आली आणि इथल्या सेवाधर्माशी तिचं छान जमलं. तिकडे तिच्यावर पहिला जोरदार घाव घातला रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टरानं, १९४७ साली, बिछान्यात पडून राहण्याचे धोके सांगणाऱ्या लेखातून. त्याआधी १९३५पासून लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन या डॉक्टरबाईंनी वर्षानुवर्षं पडून असलेले म्हातारे रोगी एकेक करून तपासले, उठवले, चालवले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना घरी पाठवलं. वृद्धांच्या वैद्यकाची सुरुवात तिथून मानतात.

मग आकडे येऊ लागले. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे बिछान्यात ठेवलं. त्यांची दमश्वासाची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावून तपासलं, तर तीस वर्षांच्या वयवाढीनं जेवढं नुकसान झालं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दहा दिवस निजवलं. पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत. मायला आम्ही दीड महिना निजवलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

गेलेलं परत येतं का, याचं उत्तर १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धरुग्णालयातून आलं. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीतल्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नुसते हातपाय हलवणं नाही. चांगलं जड वजन, झेपेल तसं वाढवत. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. व्यायाम बंद केल्यावर चार आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला मोठी गळती लागली, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं.

पण ते रुग्णालयात, यंत्रांवर. घरचं काय? त्याचं उत्तर न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठानं दिलं. जॉन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० वर्षांवरच्या २३३ बायका निवडल्या. निम्म्या जणींकडे फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा घरी गेली. घोट्याला बांधायची वजनं, तोल सांभाळण्याचे काही प्रकार आणि चालणं, एवढंच शिकवलं. आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास. वर्षभरात या गटात ८८ वेळा पडणं झालं, दुसऱ्या गटात १५२ वेळा. हा निष्कर्ष १९९७ साली छापून आला. मायचा सगळा खेळ ज्या एका घसरण्यानं बिघडला, त्या घसरण्यावर इतका साधा उतारा होता.

याच मालिकेतला एक अभ्यास मात्र मनाला लागून राहिला. अमेरिकेत थॉमस गिल यांनी ७५ वर्षांवरच्या १८८ अशक्त माणसांवर सहा महिने घरगुती व्यायामाचा प्रयोग केला. २००२ साली निष्कर्ष आले : मध्यम अशक्त होते त्यांना स्पष्ट फायदा झाला, फारच अशक्त झालेल्यांना झाला नाही. म्हणजे याला वेळ असते, आणि ती टळूही शकते. अशक्तपणा ओळखायचा कसा, हेही त्याच सुमारास पक्कं होत होतं. लिंडा फ्राइड यांनी २००१ साली पाच खुणा सांगितल्या : नकळत वजन उतरणं, सततचा थकवा, मुठीची ताकद जाणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. पाचातल्या तीन दिसल्या तर माणूस अशक्त. त्यातल्या तीन मायच्या अंगावर पडण्याच्या आधीपासून असाव्यात. आम्ही त्याला वय म्हणत होतो.

होळीच्या सुमारास भुसावळहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी एसटीनं आमच्याकडे आली. तिनं आधी मायला खुर्चीत बसवलं, रक्तदाब पाहिला, औषधांची चिठ्ठी वाचली. मग म्हणाली, "आजी, हात छातीशी घ्या आणि उठा." माय उठली नाही. मुलीनं खुर्चीत दोन गाद्या घालून बैठक उंच केली. "आता?" तिसऱ्या खेपेला माय उठली, उभी राहिली आणि धप्पदिशी बसली. मुलगी म्हणाली, "उठण्यापेक्षा हळू बसणं अवघड असतं. रोज एवढंच करायचं. जमलं की एक गादी काढायची."

त्या सबंध विद्येला मराठीत शब्द आहे, उठबस. आपण तो पाहुण्यांच्या सरबराईला वापरतो. पाहुण्यांची उठबस करण्यात जिची हयात गेली ती माझी माय आता स्वतःची उठबस शिकत होती.

मुलगी एकंदर पाच वेळा आली. तिनं दाखवलेलं सगळं घरातच होतं. ओट्याचा कठडा धरून टाचा उचलायच्या. भिंतीशी उभं राहून एक पाऊल दुसऱ्यापुढं ठेवायचं. खुर्चीत बसून गुडघा सरळ करायचा, आणि ते सोपं झालं की घोट्याला वजन. विकतची वजनं आणायला मी जळगावला जायला निघालो तर मायनंच अडवलं. जुन्या नऊवारीच्या पट्ट्याच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि धाकट्या सुनेकडून अर्धा अर्धा किलो ज्वारी तोलून त्यात भरली. वाळू का नको, तर म्हणे ज्वारी उद्या परत डब्यात टाकता येते.

खरी अडचण निघाली ती दारासमोरून जाणाऱ्यांची. घोट्याला पिशव्या बांधून पाय वरखाली करणारी म्हातारी पाहून शेजारच्या बाया हळहळल्या. या वयात काय छळ मांडलाय तिचा, असं एकीनं माझ्या बायकोला तोंडावर ऐकवलं. आमच्या बाजूला सुनेची परीक्षा सासूला किती बसवून खाऊ घालते यावर होते. म्हातारीनं स्वतः पाणी घेतलं तर सून वाईट. दवाखान्यातली सूचना आम्ही इतक्या निष्ठेनं का पाळली, याचं अर्धं उत्तर मला त्या बाईच्या हळहळीत मिळालं. माझ्या बायकोनं तिला काहीच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूसाठी आणखी दोन पिशव्या शिवून पाठवल्या. त्या वापरल्या गेल्या की नाही, आम्ही विचारलं नाही.

पूर्वीच्या बायांना वेगळा व्यायाम लागत नव्हता, त्या जात्यावर दळायच्या, असं या विषयावर बोलताना हमखास कुणीतरी म्हणतं. मला ते पटत नाही. जमिनीवरची ऊठबस त्यांना टिकवून होती हे खरं. ब्राझीलच्या क्लॉडिओ आराउजो यांनी ५१ ते ८० वर्षांच्या २००२ माणसांना आधाराशिवाय जमिनीवर बसून उठायला लावलं आणि ज्यांना ते जमलं नाही त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण पुढच्या वर्षांत जास्त निघालं. पण माझ्या आजीचे खांदे पन्नाशीतच जात्यानं गेले होते. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे : व्यायामात मोजणी असते आणि थांबण्याची मुभा असते. आजीला थांबायची मुभा नव्हती. गावात पिठाची गिरणी आल्यावर तिनं जातं उलटं करून ठेवलं, ते पुन्हा सुलटं केलं नाही.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं १० कोटींवर होती. २०१०पासून वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन पाहण्याची सोयही त्यात धरलेली आहे. पण घरी जाऊन खुर्चीत दोन गाद्या घालून देणारं माणूस तालुक्याच्या गावी अवचितच भेटतं. आमची मुलगी मिळाली ती ओळखीच्या ओळखीतून.

ज्येष्ठात मुक्ताईची पालखी निघाली. कोथळीच्या जुन्या मंदिरातून निघून बुलढाणा, जालना, बीड ओलांडत महिनाभराहून अधिक चालून ती पंढरपूरला पोचते. तरुणपणी माय दोनदा तिच्याबरोबर गेली होती, एकदा माझ्या थोरल्या बहिणीला काखेत घेऊन. या वेळी कोथळीपर्यंत पायी जायचं तिच्या मनात होतं. ते झालं नाही. रिक्षानं नेली. मंदिरापाशी मी हात पुढं केला, तर तिनं रिक्षाचा दांडा धरला आणि स्वतःच उतरली. सभामंडपात इतर बाया खाली बसल्या. तिच्यासाठी कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. पालखी उचलली तेव्हा ती हात जोडून उठली. जोडलेले हात मोकळे नसल्यामुळे हातांचा टेकू न घेताच उठली, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

आषाढात खुर्चीतल्या गाद्या निघाल्या आणि एका दमात सात उठबशा होऊ लागल्या. श्रावणात तापानं ती बारा दिवस पडली. ताप उतरल्यावर मोजलं तर तीन. बॉस्टनचा तो चार आठवड्यांचा आकडा मला माहीत होता, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. तिला वाटलं नाही. तिनं एक गादी परत मागवली. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी ती रोजचा आकडा माझ्या नातीकडून लिहून घेते. आज सकाळी पाच झाल्या.